पायाळूचा डावा घोटा

मी पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला. अशा माणसाने पाठीला पाय लावला की उसण उतरते, अशी आमच्या प्रकाशा गावाची श्रद्धा. त्यामुळे मी बिनऔषधाचा वैद्य झालो होतो आणि लोकांनी दिलेला गूळ खाऊन माजलोही होतो.

एकदा तापीच्या काठाला लागणाऱ्या नावेतून ऐटीत उडी मारली आणि डावा घोटा मुरगळला. आईने आंबेहळदीचा लेप लावून तो बांधला. चौथ्या दिवशी मी पट्टी सोडून हिंडू लागलो. सूज गेली, पण घोटा सपाट अंगणातही दगा द्यायचा. मी कुणाला बोललो नाही. वैद्यच लंगडा, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

त्या हिवाळ्यात वडिलांच्या पाठीत उसण भरली. ते ओट्यावर पालथे झाले.

"ये रे, पाय लाव. तुन्हा घोटा बरा शे ना?"

"एकदम बरा शे!"

उजवाच पाय लावायची रीत, म्हणजे डाव्यावर उभं राहणं आलं. मी पाय उचलला, घोटा वळला आणि मी गुडघ्यांसकट त्यांच्या पाठीवर कोसळलो. त्यांनी ओट्याची कड घट्ट धरली. मग म्हणाले, "तुले लागनं का रे?"

ते पुन्हा ताठ चालले नाहीत.

त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली. अजून लेंगा चढवताना मी एका पायावर उभा राहतो, घोटा थरथरतो, आणि खाली कुणी पालथं पडलंय असं वाटतं. मी भिंत धरतो. उचललेला पाय टेकवायचा धीर होत नाही.