हाड बसल्यावर

"ह्या हातपाय उडवण्यानंच सरकला तां हाड. बसवलेला हाड असा हलवतत काय?" सुशीलाबाई माजघराच्या उंबऱ्यातून तिसऱ्यांदा म्हणाल्या. या वेळी आवाज शेजारी जाईल इतका चढला होता.

किशोरी चटईवर गुडघे आणि तळहात टेकून ओणवी झाली होती. उजवा हात समोर ताणलेला, डावा पाय मागे सरळ. तिने तो तसाच धरून ठेवला. सासूला उत्तर द्यायला तोंड उघडलं तर तोल जाईल, हे तिला एव्हाना अनुभवाने कळलं होतं.

पाय खाली आल्यावर ती म्हणाली, "हाड सरकूक नाय, आई. त्या दिवशी मी पाण्याची कळशी ओढलंय, तेवा पाठ धरली."

"कळशी सगळीच ओढतत. माझा काय झाला?"

"करूंदे गो तिका," ओसरीवर सुपारी सोलत बसलेले सासरे भिकाजी म्हणाले.

"तुमी सुपारी सोला. तुमका कोणी विचारल्यान नाय."

किशोरी वालावलची. तिथल्या शाळेच्या मैदानात ती कबड्डी शिकली आणि दोनदा जिल्ह्याच्या संघात खेळली. लग्न होऊन आरोंद्याला आली तेव्हा तिच्या बॅगेत खेळाचे बूट होते. ते माळ्यावर गेले आणि तिथेच राहिले. पुढे मुलगी झाली, ती शाळेत जाऊ लागली, आणि एक दिवस शाळेच्या बाई घरी चहाला आल्या असताना सहज म्हणाल्या, मुलींना कबड्डी शिकवायला कुणी मिळत नाही. किशोरीने सासूकडे न बघता "मी येतंय" म्हणून टाकलं. तेव्हापासून दुपारचं आवरलं की ती तासभर शाळेत जायची. परत यायची ती पायाला माती लावून आणि गुणगुणत. घरात याला कुणी खेळ म्हणत नसे. "शाळेत गेलाहा" एवढंच म्हणत.

अडीच महिन्यांमागे ती मुलींना मागून कंबरेला पडलेली पकड सोडवायची कशी ते दाखवत होती. पूजा नावाची आठवीतली दांडगी पोर तिला विळखा घालून होती. किशोरी अंग पिळून सुटली खरी, पण एका बाजूला वाकली ती तशीच राहिली. रिक्षातून घरी आणलं. सावंतवाडीच्या डॉक्टरांनी फोटो काढला, मोडलेलं काही नाही म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, आराम करा म्हणाले. तिने आराम केला. दुखणं ओसरलं, पण वाकडेपण जाईना.

मग विनीतला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, त्याच्या क्रिकेटच्या टीममधल्या बोलरने म्हापशाचा पत्ता दिला. विनीत म्हापशालाच हार्डवेअरच्या दुकानात कामाला. तिथे डॉ. दिव्या म्हणून एक बाई होत्या. खेळताना दुखावलेले खांदे, मान, कंबर हातांनी मोकळी करायच्या. कायरोप्रॅक्टर म्हणतात त्यांना. त्यांनी फोटो बघितला, शंभर प्रश्न विचारले, किशोरीला कुशीवर वळवलं, एक हात खांद्यावर, एक कंबरेवर ठेवला, आणि कटकन् आवाज आला.

"सातेरीमाये," कोपऱ्यात पर्स धरून उभ्या असलेल्या सुशीलाबाईंनी ग्रामदेवीला हाक मारली.

किशोरी उठली ती सरळ उभी राहिली.

संध्याकाळपर्यंत अर्ध्या आरोंद्याला ठाऊक झालं की भिकाजींच्या सुनेचं हाड जागेवर बसलं आणि बसताना आवाज झाला. डॉक्टरबाईंनी त्यानंतर जे सांगितलं ते मात्र कुणी कुणाला सांगितलं नाही. हाड निखळलं नव्हतंच, त्या म्हणाल्या होत्या. सांधा आखडला होता, तो सैल केला. आता त्याला धरून ठेवणारे स्नायू रोजच्या व्यायामाने बळकट करायचे, नाहीतर तो पुन्हा आखडेल. पण यात ऐकण्यासारखं काय होतं? आवाज सगळ्यांना कळतो. स्नायू कुणाला दिसतात?

आजारी सुनेला घरात जागा असते. ती खाटेवर पडते, तिला पेज आणून देतात. धडधाकट सुनेलाही असते, चुलीपाशी, विहिरीपाशी. पण जी आजारीही नाही आणि कामालाही लागत नाही, चटईवर पडून पाय वर करते आणि वर घामाघूम होते, तिला कुठे ठेवायची हे कुणालाच कळेना. किशोरी मग न्हाणीचं दार लावून व्यायाम करू लागली. बादली भरेपर्यंत जेवढा होईल तेवढा. त्यातच विहिरीवरचा पंप जळाला आणि विनीत तो आज नेतो, उद्या नेतो करत होता. चार दिवसांमागे तिने भरलेली कळशी ओढली, वळून काठावर ठेवली, आणि कंबर पुन्हा धरली. तेव्हापासून तिने न्हाणीचा नाद सोडला आणि चटई माजघरात आणली.

"चला, म्हापशाक जावया," विनीत शर्टाची बटणं लावत आला. त्याने दुकानाच्या मालकाची व्हॅन मागून आणली होती. "परत एकदा कटकन् वाजवून घेवया."

"मी पन येतंय," सुशीलाबाई म्हणाल्या. "त्या बायेक सांगतंय ह्या उडवण्याचा."

म्हापशाला डॉक्टरबाईंनी किशोरीला वाकवलं, एका पायावर उभं केलं, पालथं झोपवून पाठ चाचपली. मग म्हणाल्या, "आज वाजवायची गरज नाही. सांधा हलतोय. पाठीला जोर नाही."

सुशीलाबाईंचा चेहरा उतरला. "इतक्या लांब इलंव. एकदा तरी वाजवा."

"वाजवून जोर आला असता, तर आजी, मी दुकानच काढलं असतं." त्या विनीतकडे वळल्या. "हिचा व्यायाम तुम्ही बघितलाय?"

"बघलंय ना. हातपाय वर करूचे, दुसरा काय?"

"मग करून दाखवा."

विनीत हसला. दर रविवारी क्रिकेट खेळणारा माणूस. पँट वर ओढून तो चटईवर ओणवा झाला, झोकात हात पुढे केला, पाय मागे केला, आणि बाजूच्या स्टुलावर कलंडला. दुसऱ्यांदा केला तेव्हा पाय थरथरायला लागला आणि कान लाल झाले.

"वासरू बरा उभा ऱ्हवता ह्याच्यापेक्षा," सुशीलाबाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या.

"आता तू कर," तो किशोरीला म्हणाला. तिने केलं. हात हलला नाही, पाय हलला नाही. कपाळावर घाम आला तेवढाच. विनीत चटईच्या कडेला बसून बघत राहिला.

किशोरीने उठता उठता विचारलं, "मी परत मैदानात उतरू शकेन ना?"

"मैदान कित्याक आता?" विनीत म्हणाला. "घरातला जमला तरी रग्गड."

हाच प्रश्न होता. ती अडीच महिने तो मनात धरून होती, आणि आता तो चटईवर सगळ्यांच्या मध्ये येऊन पडला. कंबर बरी करायची ती कशासाठी? डॉक्टरबाईंनी कागद बाजूला ठेवला.

"उतराल," त्या किशोरीलाच म्हणाल्या. "आठवडाभर व्यायाम नीट केलात तर शाळेत जाऊन शिकवा, उभ्याने. मग हळू पळणं. पकड सगळ्यात शेवटी. पण विहिरीचं पाणी आत्ता अजिबात नाही. वाकून, वजन ओढून वळायचं, त्यानेच तर पाठ धरतेय."

"म्हणजे खेळूक चलता आनी पाणी ओढूक चलना नाय?" सुशीलाबाईंनी विचारलं. "ह्या खंयचा औषद?"

डॉक्टरबाई हसल्या, पण शब्द बदलला नाही.

परतताना व्हॅन पुलावर आली. खाली खाडी भरतीला फुगली होती. सुशीलाबाई खिडकीतून बघत होत्या.

"माझी कंबर ह्याच्या जन्मापासून दुखता," त्या विनीतच्या पाठीकडे बोट करून म्हणाल्या. "तुजी कंबर तुका कशाक होयी, असा माका कोणी इचारल्यान नाय. आपला तेल लावलंय आनी उठलंय."

रागाने म्हणाल्या की आणखी कशाने, ते किशोरीला नीट कळलं नाही. तिने आपली पाठ टेकायची उशी काढून सासूच्या मागे सरकवली. सुशीलाबाईंनी ती राहू दिली.

रात्री सगळे जेवायला बसले. किशोरीने भिकाजींना कढी वाढली, विनीतला भात वाढला, आणि वाढायचा डाव खाली ठेवला.

"उद्यापासून मी सकाळी ओसरेर व्यायाम करतलंय," ती म्हणाली. "माजघरात पुरेशी जागा नाय. सकाळची चाय बाबा करतले, त्येंका येता. पंप दुरुस्त होयसर पाणी हे ओढतले. आनी फुडल्या सोमवारपासून मी शाळेत जातलंय, पोरींका कबड्डी शिकवूक."