उठताना न बदललेली मांडणी

हे मी आजवर नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे — तुम्ही शबानाताईला ओळखत नाही, म्हणूनही असेल.

कोल्हापुरात लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानात आम्ही दोघी टायपिंग करायचो. मला कीबोर्डच्या कळा माहीत होत्या, पण हात अडखळायचा. ताईनं शेजारी बसवून वेग दिला. तिला काय मिळणार होतं त्यातून? "खाली बघू नगंस, बोटांस्नी कळतंय की," म्हणायची. आज माझं जे काही बरं चाललंय ते तिच्यामुळे. हे मी कुणापुढेही सांगते.

संगणक एकच. मराठी कळांची तिची मांडणी रेमिंग्टन, जुन्या टाइपरायटरची. माझी कॉलेजात शिकलेली इनस्क्रिप्ट. कळ तीच, पण अक्षर भलतंच उमटणार. म्हणून आमची रीत — उठताना दुसरीची मांडणी लावून उठायचं. ताई कधी चुकली नाही. बसल्यावर तपासून बघायची सवयच आम्हाला राहिली नव्हती.

मग एका पतसंस्थेत जागा निघाली. एकच, पण कायमची. दोघींनी अर्ज केले. परीक्षेलाही संगणक एकच, आणि माझ्यामागून ताईचा नंबर. मी बसले तर पहिलंच अक्षर भलतं उमटलं; संगणक रेमिंग्टनवर होता. माझी मांडणी लावली, उतारा संपवला, उठले, आणि — विसरले? इतकी वर्षं मी स्वतःला तेच सांगत आले. विसरले नव्हते. हात माउसवर गेला होता, तो मी मागे घेतला. ताईचा वेग माझ्याहून जास्त होता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

ती बसली. नजर उताऱ्यावर, बोटं सुसाट. वेळ संपेपर्यंत तिनं पडद्याकडे पाहिलंच नाही. मी दारातून बघत होते — अख्खं पान अर्थ नसलेल्या अक्षरांचं. एक हाक मारली असती तर? नाही मारली.

नोकरी मला लागली. ताई अजून त्याच दुकानात आहे. माझ्या मुलीच्या बारशाची पत्रिका तिनंच हौसेनं करून दिली. अशी माणसं मला मिळाली, हे माझं नशीब — आणि मी त्यांच्याशी अशी वागले.

त्या दिवशी बाहेर आल्यावर ती रडली नाही. "माझंच चुकलं, बघाय पायजे हुतं," म्हणाली. मग माझा हात धरून विचारलं, "तुझं तरी नीट झालं न्हवं?"

मी "व्हय" म्हणाले.