मावसांचा एकुलता कोंबडा

फैजपूरच्या आमच्या मावसांना देवाने केळी पिकवण्यासाठीच जन्माला घातलं आणि ऐनवेळी त्यांचा जीव मात्र एका फुलझाडावर जडवला. कोंबडा म्हणजे ते लाल मखमली तुऱ्याचं झाड. इतरांच्या दारात ते आपसूक उगवतं आणि शेळ्या ते खाऊन जातात. मावसांच्या परसात मात्र त्याची बडदास्त जावयासारखी असे. मी धुळ्याहून एस.टी.त अंग आंबवून पोचलो, की माझं स्वागत ठरलेलं, "अरे, बाजूले हो! त्याच्यावर सावली पडून राह्यली तुही!"

कोंबड्याला ऊन लागतं हे खरं. पण मावसांनी उन्हासाठी शेवग्याची फांदी तोडली आणि मावशीच्या भाजीच्या शेंगाही गेल्या. बी मोहरीहून बारीक, काळं, चकचकीत. ते खोल पुरायचं नाही, राखेत कालवून नुसतं भुरभुरायचं. हे चाललेलं असताना घरात कोणी शिंकायचं नाही. शिंक आलीच तर मावशी पदर तोंडाला लावून ओसरीकडे धावे. रोपं वर आली, की केळीचा कायदा सुरू होई. एका जागी एकच खोड ठेवायचं, बाकीची रोपं उपटायची. त्या एकाला बगलेत फुटवा दिसला, की केळीची पिलं काढतात तसा तो खुडायचा. गल्लीतले लोक शेंडा खुडून झाड डेरेदार करत. मावसा त्यांच्याकडे फार कणवेने पाहत. "ढीगभर पोरं अन् सगळी रोडकी! काय कामाची?" आणि गंमत अशी, की त्यांच्या त्या एकुलत्या झाडावर खरोखरच भाकरीएवढा तुरा येई. मग त्याला केळीच्या घडासारखा बांबूचा टेकू. पाण्यात मात्र केळीचा कायदा अंगलट आला होता. एका साली केळीला भरतात तसं आळं तुडुंब भरलं आणि झाड मुळाशी सडलं; बी तेवढं कसंबसं हाती लागलं. त्या दिवशी मावसा जेवले नाहीत. तेव्हापासून मातीत बोट खुपसून ती कोरडी लागली तरच तांब्याभर पाणी. रविवारी सकाळी सारी गल्ली टीव्हीसमोर बसायची तेव्हा मावसा कोंबड्यासमोर बसलेले असत.

या संसारात भांडण एकच होतं. श्रावणात आमच्याकडे खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते, परगावचे भाऊबंद गोळा होतात, घरात नैवेद्याचे रोट होतात. मावशीला ते फूल एकदा तरी देवीला वाहायचं होतं. मावसा म्हणत, "एकच त झाड हाय. फूल वाळल्याबिगर बी धरत नाही. आत्ता तोडलं त जातच बुडाली!" मावशी दर साली मागे, मावसा दर साली नाही म्हणत, आणि कानबाई बिचारी झेंडूवर भागवून घेई.

मग एका उन्हाळ्यात मावशीचं जळगावच्या दवाखान्यात मोठं ऑपरेशन झालं. ती वाचते की नाही, असे दिवस होते. मावसा तिच्या उशाशी बसून राहिले; परसातलं झाड त्यांनी शेजाऱ्यांवर सोडलं. ती घरी आली ती कानबाईच्या तोंडावर. देवी तिच्या धाकट्या जाऊबाईंनी मांडली. मावशी आतल्या खाटेवरून नुसती बघत होती. मी तिच्याजवळ बसलो होतो. तेवढ्यात मावसा आले. एका हातात विळा, दुसऱ्या हातात तो तुरा.

मावशी उठूनच बसली. "अहो, तोडलं कशाले? बी तयार नव्हतं ना झालं! आता पुढच्या साली काय पेरसान?"

"काही नाही पेरत," मावसा भिंतीकडे पाहत म्हणाले. "तू घरी आली ना. बस झालं."

इतकी वर्षं मी त्यांना हसत आलो होतो. त्या वेळी मात्र मला त्यांचा फार लोभ वाटला. मावशी रडत होती आणि रडता रडता "जात बुडवली, जात बुडवली" म्हणून त्यांना रागेही भरत होती. मावसांनी तिला दंडाला धरून हळूहळू देवीसमोर नेलं. तिने फूल वाहिलं, हात जोडले. जाऊबाईंनी आरती सुरू केली, ती संपली, प्रसाद वाटून झाला, तरी मावसांनी तिचा दंड काही सोडला नाही.