खुंटी सरांनी का हलवली

वाघमारे सरांनी खुंटी हलवली होती. हे खरं आहे.

वीस-बावीस वर्षं गावात जे कुजबुजत बोललं गेलं, ते आज मी इथे उघड लिहितेय. आधी पूर्ण वाचा, मग कॉमेंट करा.

सकाळी चुलत्यांचा फोन आला. "तुमचा खुंटीवाला मास्तर गेला बग."

माणूस गेला तरी नाव तेच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. धारूरचा घाट उतरला की आमचं गाव. मी दहावीला होते तेव्हा सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. टँकर दिवसाला एक. दूध सोसायटीने पाण्याची मोठी टाकी आणली आणि ती कुठे ठेवायची यावरून भांडण पेटलं.

गावठाण म्हणे आमच्याकडे. बौद्ध वस्ती म्हणे आमच्याकडे. सर तिथेच राहायचे. माळावरची आमची धनगरांची वस्ती म्हणे, आम्ही काय कुणाचं घोडं मारलंय?

प्रत्येकाला वाटे, दुसऱ्याने सोसायटीच्या चेअरमनला आतून धरलंय. मलाही वाटायचं. अजून वाटतं.

सर आमचे गणिताचे. ते म्हणाले, "तिन्हीकडून सारखं अंतर असलेला एकच बिंदू असतो. माझी पोरं काढतील."

चेअरमन लगेच हो म्हणाले. ते इतक्या लवकर हो म्हणाले, तेव्हाच शंका यायला हवी होती.

आम्ही सगळी अंतरं पावलांनी मोजली. शंभर पावलं म्हणजे एक. गावठाणाचं म्हणून सोसायटीचं दार (०,०). सरांची वस्ती (८,०). आमची (४,८). पुस्तकातले निर्देशक पहिल्यांदा पायाखाली आले.

सरांची एक सवय होती. प्रत्येक गणित दोनदा करायचं. एकदा x आणि y मांडून, आणि एकदा आकडे न घेता, नुसती सुतळी आणि खडू घेऊन फरशीवर. दोन्ही जुळलं तरच उत्तर.

"एका साक्षीदारावर निकाल देत नसतेत," म्हणायचे.

दुसरी सवय म्हणजे वर्गात रबर बंद. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची आणि खाली बरोबर लिहायचं. चूक वाचता आली पाहिजे.

तो शनिवार होता, सकाळची शाळा. सोसायटीला संध्याकाळपर्यंत टाकीच्या जागेवर खुणेची खुंटी ठोकून हवी होती, त्यामुळे सुतळीला वेळच नव्हता. सरांनी समीकरणं माझ्याकडे दिली, कारण माझं सहसा चुकत नसे.

सोळ त्रिक अठ्ठेचाळ. y = ३. बिंदू (४,३). तिन्ही वस्त्यांना बरोबर पाचशे पावलं.

मी त्या तीनकडे बघत बसले.

सकाळच्या पाण्याच्या चार खेपा माझ्या होत्या. पहिला तास गणिताचा आणि तो रोज बुडायचा. दादा, म्हणजे माझे वडील, आदल्याच दिवशी म्हणाले होते, "तासच मिळंना तर शाळेत कावून जायचं? घरी बस."

मी रबर काढलं. अठ्ठेचाळचे चौसष्ट केले. सोळ चोक चौसष्ट. y = ४.

आमच्या वस्तीची शंभर पावलं वाचली. बाकी दोघांना साठ-सत्तर वाढली. कुणाला कळतंय, म्हटलं.

खुंटी तिथे ठोकली गेली.

रविवारी सरांनी आपल्या अंगणात सुतळी टाकून पाहिलं. सोमवारी दिवस उगवताना एकटेच गेले, खुंटी उपटली आणि शंभर पावलं खाली नेऊन ठोकली. आमच्यापासून लांब, त्यांच्या वस्तीकडे.

माझे चुलते शेळ्या घेऊन निघालते. त्यांनी पाहिलं.

त्याच दिवशी सोसायटीत बैठक भरली.

"मास्तर, खुंटी कावून हलवली?" चेअरमननी विचारलं.

"चूक झालती."

"कुणाची?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"माझी."

मागून कुणीतरी म्हणालं, "चूक बरी ह्याच्याच वस्तीकडं पळती बे." लोक हसले. मी आईच्या पदराआड बसून होते आणि मी तोंड उघडलं नाही.

माझं नाव आलं असतं तर पोरीची चूक म्हणून चार दिवसांत विरलं असतं. सरांना ते जन्मभर चिकटलं. लोकांनी चूक बघायच्या आधी त्यांची वस्ती बघितली होती.

चेअरमनना तेवढंच हवं होतं. "मास्तरावर भरवसा न्हाई ना? मग टाकी सोसायटीच्या दारात."

आमच्यापासून जवळजवळ नऊशे पावलं. शंभर वाचवायला गेले आणि चारशे गळ्यात पडली.

दुसऱ्या दिवशी सरांनी माझी वही मागितली. कागद खरवडलेला होता. त्यावर बोट ठेवून म्हणाले, "इथं काय होतं?"

"काय न्हाई सर."

वही परत दिली.

पुढच्या आठवड्यात वेळापत्रक बदललं. गणिताचा तास मधल्या सुट्टीनंतर गेला. का, ते सरांनी कुणाला सांगितलं नाही. माझा एकही तास बुडला नाही. आज पुण्यात नकाशे काढून पोट भरते, ते त्या तासावर.

लग्नानंतर एकदा वडवणीच्या स्टँडवर सर भेटले. धीर करून विचारलं, "सर, तुम्हाला कधी कळलं?"

"सुतळी टाकली तवाच. चुकीला कुणाचं घर ठाऊक नसतंय. तुझी नेमकी तुमच्याच वस्तीकडं गेलती."

"मग बैठकीत सांगितलं का नाही?"

"दहावी होती की तुझी."

"आता मी सांगू गावाला?"

"बस लागली बग तुझी," म्हणाले.

मी बसमध्ये चढले. सांगितलं नाही. भीती होती, दुसरं काही कारण नाही.

काका, हे तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवेलच. सरांनी खुंटी हलवली ती बरोबर जागी. चुकीच्या जागी मी नेली होती.

सर, रबर वापरलं नाही. एक रेघ मारलीय आणि खाली बरोबर लिहिलंय. चूक वाचता येतेय.

शेवटचा जय भीम, सर.