सगळे मिळून, नाहीतर कोणीच नाही

रोझेंद बार्रेतोची बस मडगाव ते बेतूल दिवसातून चार फेऱ्या मारायची. थांबे नावापुरते. वेळ्ळीच्या मास्तरणीला दाराबाहेर पडायला उशीर झाला तर तो दोनदा हॉर्न वाजवून थांबायचा, आणि मागून कोणी कुरकुरलं तर म्हणायचा, "ती राहिली तर तुझ्या पोराला पाढे कोण शिकवणार, मी?" असोळण्याच्या पुलावर मासळीवाल्या बायका चढायच्या. त्यांच्या टोपल्यांचं पाणी गळतं म्हणून त्याने मागच्या चार सीट काढूनच टाकल्या होत्या.

एक्केचाळिसाव्या वर्षी त्याला एवढंच येत होतं आणि ते चांगलं येत होतं.

रोझेंदच्या वेळ्ळी गावात तेव्हा लंडनला कोणी गेलं नाही असं घर शोधावं लागायचं. गोवा पोर्तुगीजांच्या हाताखाली असताना जन्मलेल्या माणसाची नोंद लिस्बनला केली की त्याच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळायचं, आणि पोर्तुगाल युरोपीय संघात असल्याने त्या पासपोर्टावर लंडनमध्ये राहायला, काम करायला मोकळीक. रोझेंदच्या वडिलांची, मिंगेलची नोंद झाली, मग त्याची, मग दोन्ही मुलांची. लिस्बनहून आलेले कागद दोन वर्षं कपाटात चादरींखाली पडून होते. पासपोर्ट काढायचा तेवढा राहिला होता. तो हातात आला की भारताचा परत करायचा, आणि मग आपल्याच गावात परदेशी म्हणून यायचं. कागद सगळेच करतात म्हणून केले, असं रोझेंद सांगायचा आणि विषय बदलायचा.

इंग्लंडने युरोपीय संघातून बाहेर पडायचं ठरवलं त्या वर्षी नाताळाला त्याचा मेहुणा आवेलिन लंडनहून आला. सोबत बायको ओफेलिया आणि आठ वर्षांचा मुलगा. आवेलिन तिकडे बस चालवायचा, आणि भावोजीला हे काम सहज जमेल याची त्याला खात्री होती. दोन-एक वर्षांत दार बंद होईल, नंतर रडून उपयोग नाही, असं तो जेवणावर बसल्या बसल्या सांगत होता. मग त्याने सगळे करतात तोच मार्ग सांगितला. रोझेंदने एकट्याने यायचं, चार गोवेकरांबरोबर एका खोलीत राहायचं, वर्षभर गोदामात काम करायचं, तिथलं लायसन काढायचं आणि जम बसला की बायकोमुलांना बोलवायचं.

"एकटा नाही येणार," रोझेंद म्हणाला.

"अरे, सगळे असेच आले. मी नाही आलो?"

"आलास. मी नाही येणार. गेलो तर सगळे मिळून, नाहीतर कोणीच नाही."

आवेलिन हसला. म्हणाला, भावोजीला बायको सोडवत नाही. किटेरिया, त्याची बायको, ताटं उचलायला लागली. ती गावच्या बालवाडीत शिकवायची आणि तिला जायचं होतं. थोरली लव्हिना चौदाची, हुशार. धाकटा डेल्विन नऊचा. बसमध्ये निम्म्या सीट रिकाम्या जाऊ लागल्या होत्या, कारण घराघरांत स्कूटर आल्या होत्या. नवऱ्याला हे दिसत नाही असं नव्हतं. तो बोलत नव्हता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दोघी नणंद-भावजया नेवऱ्या तळत होत्या, तेव्हा ओफेलिया सहज बोलून गेली. ती रात्री विमानं साफ करायला जायची. ती सकाळी घरी यायची तेव्हा आवेलिन बाहेर पडत असायचा. मुलाला काय खायला द्यायचं, शाळेने काय मागितलंय, ते दोघं फ्रीजवर चिठ्ठी चिकटवून एकमेकांना कळवायची.

"सात वर्षांत पहिल्यांदा महिनाभर आम्ही एकाच वेळी झोपतोय गो," ती म्हणाली. "पहिले चार दिवस तर मला त्याच्या घोरण्याने झोपच लागेना. विसरलेच होते."

ती हसत सांगत होती, म्हणून किटेरियाही हसली. पण ते तिच्या डोक्यातून गेलं नाही. सगळे मिळून जायचं असं रोझेंद म्हणतो खरा, पण मिळून गेल्यावर मिळून राहता येतं का, हे दोघांपैकी कोणी विचारलंच नव्हतं.

पाहुणे गेले. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. मेहुण्याने लंडनला बोलावल्याची बातमी गावभर झाली होती आणि बसमध्ये टोमणे सुरू झाले. "रोझेंदा, तिकडे राणीला पण दारात सोडशील का रे?" असं मासळीवाली फ्लोरिना विचारायची, आणि सगळी बस हसायची. लव्हिना मात्र एक दिवस जेवता जेवता म्हणाली, "सगळ्या गावाने विचारलं. मला कोणी विचारलं?" तेव्हा रोझेंदने तिला विचारलं. ती म्हणाली, तिला जायचंय, पण फुटबॉलची स्पर्धा होईपर्यंत नाही. ती गावच्या मुलींच्या संघात होती. एवढं सरळ उत्तर घरात दुसऱ्या कोणी दिलं नव्हतं.

राहिले मिंगेल. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, बोटीवर एकतीस वर्षं स्वयंपाकी होते. बायको जाऊन आठ वर्षं झालेली. पापांना एकटं कसं टाकायचं, हे कारण रोझेंदला पुरेसं होतं, आणि पापा तसंच काही म्हणतील या आशेने तो एका दुपारी घरापुढच्या बाल्कांवात त्यांच्याशेजारी जाऊन बसला. मिंगेल बांगडे साफ करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तू जात का नाहीस ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "मी कारण नाही. माझं नाव पुढे करू नकोस."

रोझेंदने पाण्याचं भांडं त्यांच्याजवळ सरकवलं.

"तू सहा वर्षांचा होतास. चौदा महिन्यांनी घरी आलो. तू दारातच उभा होतास. आत पळालास आणि आईला सांगितलंस, कोणीतरी अंकल आलाय. ती हसली. मी पण हसलो. मग मागे विहिरीवर जाऊन हातपाय धुतले, बराच वेळ धुतले."

"मला आठवत नाही, पापा."

"तुला कशाला आठवेल? मला आठवतं." त्यांनी सुरी पाण्यात बुडवली. "एकटा जाऊ नकोस. ते तुझं बरोबर आहे. पण त्यासाठी इथेच बसून राहायला पाहिजे असं नाही. बस किती दिवस चालेल?"

"आणि तुम्ही?"

"चाळीस माणसांचं रांधलंय मी, तेही हलत्या चुलीवर. एकट्याचं नाही जमणार?"

ते काही प्रेमाने बोलले नव्हते. पण इतकं सलग ते मुलाशी कधीच बोलले नव्हते.

त्या संध्याकाळी रोझेंदने किटेरियाला सांगितलं की जाऊ. ती लगेच हो म्हणाली नाही. आधी तिने ओफेलियाच्या चिठ्ठ्यांचं सांगितलं आणि मग आपली अट घातली. ती रात्रपाळी करणार नाही. पैसे जास्त मिळाले तरी नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात, मुलं सांभाळण्यात, जे दिवसाचं मिळेल ते करेल. त्यालाही आठवड्यातला एक दिवस घरी पाहिजे. त्यासाठी लहान घरात राहावं लागलं तर राहायचं, आणि गावात मोठं घर बांधायची स्वप्नं आतापासूनच सोडायची.

"लोक म्हणतील, लंडनला जाऊन काय कमावलं?" रोझेंद म्हणाला.

"म्हणू देत. ते बसमध्ये बसून म्हणतील, आणि बस तर तू विकलेली असशील."

पासपोर्ट आले, किटेरियाला त्याची बायको म्हणून व्हिसा मिळाला. जून महिन्यात तो जुना पासपोर्ट परत करायला पणजीला गेला. खिडकीपलीकडच्या बाईने तो घेतला, रद्दचा शिक्का मारला आणि पावती दिली. पाच मिनिटांचं काम. बाहेर येऊन त्याने चहा मागवला आणि तो तसाच टेबलावर ठेवून निघाला. मडगावपर्यंत दुसऱ्याच्या बसमध्ये खिडकीशी बसून आला. ड्रायव्हर गिअर बदलताना घाई करत होता, तेवढं त्याच्या लक्षात राहिलं.

बस त्याच्याच कंडक्टरने, सालूने घेतली. लव्हिनाचा संघ उपांत्य फेरीत हरला. ऑगस्टमध्ये चौघं एकाच विमानाने गेली. मिंगेल विमानतळावर आले नाहीत, घरूनच निरोप दिला. आदल्या दिवशी त्यांनी नातवाला भात कसा लावायचा ते शिकवलं होतं.

पहिलं वर्ष कठीण गेलं. साउथॉलमध्ये एका दुकानाच्या वर दोन खोल्या मिळाल्या. आवेलिनने ओळख काढून दिली नसती तर त्याही मिळाल्या नसत्या, आणि 'तुम्ही वेडे आहात' हे त्याने तेव्हाही ऐकवलंच. रोझेंद गोदामात खोकी उचलायचा. गाडीच्या परीक्षेत तो एकदा नापास झाला. एका चौकात त्याने म्हातारीला रस्ता ओलांडता यावा म्हणून हिरव्या दिव्याला गाडी थांबवली होती. किटेरियाला शाळेच्या स्वयंपाकघरात काम लागलं, पगार बेताचाच. डेल्विन वर्गात तीन महिने तोंड उघडत नव्हता, आणि एकदा उघडल्यावर त्याला गप्प करावं लागायला लागलं. लव्हिनाला तिच्या शाळेने संघात घेतलं नाही; दुसऱ्या वर्षी घेतलं.

दुसऱ्या हिवाळ्यात रोझेंदला बस मिळाली, लाल, दुमजली. थांब्यावर कोणी नसेल तर थांबायचं नाही, हे अंगवळणी पडायला त्याला फार वेळ लागला. मिंगेल दर रविवारी फोनवर आज काय रांधलं ते सांगायचे आणि बाकी काही विचारायचे नाहीत. ते अजून धडधाकट होते. सालूच्या बसने आठवड्यातून एकदा मडगावला जायचे आणि मासळी महाग झाल्याबद्दल फ्लोरिनाशी भांडून यायचे.

रोझेंदची सुट्टी रविवारी आली तो पहिला दिवस डिसेंबरातला होता. चर्चला जायचं ठरलं होतं. चौघंही साडेअकरापर्यंत झोपली.