उद्धार

तळा तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो की वडील विचारायचे, "आता कसला डाक्टर झालास?" त्यांचं चूक नव्हतं. मी आधी मूत्रपिंडावर संशोधन केलं, मग डोळ्यांवर, मग मधुमेहावर. निधी मिळेल तिकडे गेलो. रोगी एकही बरा केला नाही.

यंदा भातकापणीला गेलो तेव्हा बढतीची मुलाखत तोंडावर होती, आणि तिथे साइटेशन मोजतात. माझ्या लेखाचा आधार दुसऱ्या, बहुतेक परदेशातल्या, संशोधकाने घेतला की त्याला साइटेशन म्हणतात, हे मी वडिलांना समजावलं. शब्द त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून शुद्ध मराठीत सांगितलं, "उद्धरण."

दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर ते अभिमानाने सांगत होते, "पोराचा परदेशात लय उद्धार करतात." टपरीवरचे सगळे खो खो हसले. आमच्याकडे उद्धार करतात तो शिव्या घालूनच. मी वडिलांवर सगळ्यांसमोर खेकसलो.

परतीच्या एसटीत मोबाइलवर ते आधार घेणारे लेख उघडले. आकडा मला पाठ होता, लेख कधी वाचले नव्हते. सगळे माझ्या मधुमेहाच्या एकाच लेखाबद्दल होते, आणि प्रत्येकाने माझं नाव घेऊन तेच लिहिलं होतं: आम्ही हाच प्रयोग केला, आम्हाला असं काही आढळलं नाही.

तेवढ्यात वडिलांचा फोन आला. "मुलाखतीत सांग रं, किती जनांनी उद्धार केलानी तो."

"सगळ्यांनीच केला, बाबा," मी म्हणालो.