बोंबील टांगताना निवडलेलं कॉलेज

मी चौथीपर्यंत शिकले. माझी पोरगी बारावी झाली आणि कुठल्या कॉलेजात जाऊ ते माझ्यासारखीला इचारत बसली, याचं मला अजून नवल वाटतं.

तिचा बाप ती बालवाडीत असताना तापाने गेला. तेव्हापासून आमच्या मुरबे गावात बोंबील सुकवायचे आणि बोईसरच्या बाजारात विकायचे, एवढंच मी केलं. पाट्या उचलून उजवा खांदा गेला, हात वर जात नाय. बोंबील सुकवायला बांबूंना आडव्या दोऱ्या बांधतात, त्याला आमी वलांडी बोलतो. दोन बोंबलांचे जबडे एकमेकात अडकवायचे नि दोरीवर टाकायचे. खालच्या दोऱ्या माझ्या, वरच्या पोरीच्या.

कॉलेजं दोन होती. एक पालघरचं. तिथं केमिस्ट्री करायची, मग तारापूरच्या एखाद्या कंपनीत लॅबला लागायचं, राहायचं घरीच. दुसरं पुण्याकडचं, हॉस्टेलात राहून. तिथं म्हणे एकच विषय धरायचा नाय. पाणी, मासे, कायदा, माणसं, सगळं जोडून शिकवतात.

माझी धाकटी जाऊ शेजारीच राहते. ती हसायला लागली. "वयनी, खिचडी शिकायला पुण्याला कशाला? घरात डाळ-तांदूळ हाय की!"

बाजारात कंपनीवाल्यांच्या बायका माझ्याकडे येतात. त्यातली एक बोलली, "मौसी, केमिस्ट्री कराओ, नौकरी पक्की." मलाही तेच बरं वाटत होतं. आणि पोरगी पण बोलली, "आये, मी पालघरलाच जाते." पण ती इतक्या पटकन बोलली की माझं मन मानेना.

मे महिना होता. पावसाआधीचा शेवटचा माल सुकत घालत होतो. मी बोलले, "कॉलेजांचे ते कागद बाजूला ठेव. मला तोंडाने सांग. आधी पालघर."

"लॅब चांगली हाय. जायला लगेच गाडी मिळते." संपलं तिचं.

"आता दुसरं."

"आये, आपल्याकडे बोंबील कमी का झाला, कुणाला इचारायचं? पाणी तपासणारा बोलतो, मासे माझं काम नाय. माशांचा साहेब बोलतो, कायदा माझ्याकडे नाय. तिथं या सगळ्यांना एका टेबलावर बसवतात." ती बोलत गेली. वरची दोरी भरली, मग माझ्या बाजूला येऊन माझी पण भरली. पाटी रिकामी झाली तरी तिचं सांगणं संपेना.

"मग पालघर कशाला बोलते?"

तिने रिकामी पाटी उचलली. मग बोलली, "वरची दोरी कोण भरणार?"

मला राग आला. नवरा गेला तेव्हा मी कुणापुढे रडले नव्हते, आता पोरीने माझी कीव करावी? "खांदा माझा हाय," मी बोलले, "त्याला इचारून तू कॉलेज निवडू नको."

जाऊ पलीकडच्या वलांडीवरून सगळं ऐकत होती. "भांडू नका ग. वरची मी भरीन. पण बाय, शिकून तू नक्की काय होणार ते सांगून जा. लोक मलाच इचारतात."

"काकी, ते मलाच अजून माहीत नाय."

"हे बरं!"

 पण तिचा बाप गेला तेव्हा पुढं काय होणार ते मला तरी कुठं माहीत होतं? मी बोलले, "जा."

शिष्यवृत्तीचं तिच्या शाळेच्या बाईंनी बघितलं. त्या जळगावकडच्या, ना आमच्या जातीच्या ना गावच्या. तरी भर पावसात बोईसर स्टेशनवर तिला सोडायला आल्या. त्यांचे उपकार मी कसे फेडू?

नवरात्रानंतर बोंबील आला. जाऊ माझ्याहून बुटकी. टब पालथा घालून त्यावर चढते, वरची दोरी भरते आणि मला शिव्या देते. "लेक तुझी, कंबर माझी!" मी तिला चहा देते. ती साखर कमी म्हणून परत शिव्या देते. एक दिवस चुकली नाय.

पोरगी रोज फोन करते. कधी खुश असते, कधी बोलते, "आये, मला काय जमत नाय इथं." मी ऐकून घेते. बरोबर झालं की चुकलं, ते मला सांगता येत नाय. परत ये, असं मात्र मी बोलत नाय. तीही परत येते असं बोलत नाय. थोडं रडते, मग उद्या काय शिकवणार ते सांगायला लागते.